चौदाव्या वर्षानंतर

गेल्या वर्षी आपा म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसावं म्हणते." मी हसलो. "आपा, अब इस उम्र में कौनसी नौकरी करनी है?" ती काही बोलली नाही. शिलाई मशीनवर मान खाली घालून बसली. मी शिक्षक आहे, वर्गात रोज इल्मचे महत्त्व सांगतो. तरी माझ्या तोंडून हेच निघाले.

आपाने सातवीनंतर उर्दू शाळा सोडली. अम्मी आजारी होती, आम्ही भाऊ लहान होतो. माझ्या बी.एड.च्या फीमध्ये तिच्या शिलाईचे पैसे आहेत. ती शाळेबाहेर राहिली, म्हणून मी शाळेत राहिलो. अशी एक आपा आपल्या कितीतरी घरांत आहे. तिला आज शिकू देणे ही खैरात आहे की तिचा हक्क?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा करते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. २०२२ मध्ये मंजूर झालेला नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. आपा निरक्षर नाही. ती साक्षरांत मोजली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते.

सतरा नंबरच्या फॉर्मने तिला परीक्षेला बसता येते. आसन क्रमांक मिळतो, पण रोज बीजगणित शिकवणारा मिळत नाही. रात्रशाळा गावोगावी नाहीत. असल्या तरी त्यांची वेळ आणि हिच्या रोट्यांची वेळ एकच. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्याची सवड पाहून. आपल्याला बायकांची सवड पाहून दुपारचे वर्ग का काढता येऊ नयेत?

कुणी म्हणेल, पैसा थोडा आहे, आधी लहान मुलांना शिकवा. हे म्हणणे खोटे नाही. दरवर्षी गळतीची यादी करताना मलाही ते पटते. पण ज्यांना आपण रांगेत शेवटी उभे करतो, त्यांतले कितीतरी जण एकदा दुसऱ्यासाठीच रांगेतून बाहेर पडले होते. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही, शिकून काय करणार? मग चाळिशीच्या बाईनेच शिकण्याचा उपयोग आधी का सिद्ध करावा?

सध्या इशाच्या नमाजनंतर मी आपाला गणित शिकवतो. यात उपकार नाही. तिच्या आठवी, नववी, दहावी या तीन इयत्ता माझ्याकडे बाकी आहेत. पण ज्या आपाचा भाऊ शिक्षक नाही, तिने कुणाकडे मागायच्या? सरकारचे धोरण असायला हवे ते तिच्यासाठी.