सुईच्या टोकाएवढी जमीन

गणपतीत आमच्या रोह्याच्या बाजूला अजून जाखडी नाच होतो. मधे बुवा बसलेला, ढोलकी, झांज, भोवती घुंगरू बांधलेली पोरं. एक शक्तीवाले, एक तुरेवाले. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो गाण्यातच सोडवायचा. मी दहावी शिकलेला, म्हणून गाणी बांधायचं काम माझ्याकडे आलं. महाभारत म्हणजे आमची कणगीच. हात घातला की दाणा लागायचा.

१९८४ साली मी दुर्योधनावर गाणं बांधलं. कृष्ण शिष्टाईला येतो, निदान पाच गावं तरी द्या म्हणतो, आणि दुर्योधन सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीसुद्धा द्यायला तयार नाही. त्या वर्षी आमच्या घरात वाटणीचा वाद पेटला होता. ओढ्याकडचं खाचर दादा मला देत नव्हता. दादाचं नाव गाण्यात कुठंच नाही, पण सुई कोणाच्या हातात आहे ते गावाला कळत होतं. पुराणाची हीच तर सोय. आपल्याला तोंडावर बोलायची छाती नाही ते कृष्णाच्या तोंडी घालायचं. वन्समोर मिळाला. दादा ओटीवर खांबाला टेकून ऐकत होता. सकाळी गोठ्यात एवढंच म्हणाला, "चाल बरी बसवलीस. पण फासे कुठं गेले रे?"

फासे मीच गाळले होते. पांडवांनी राज्य आधी द्यूतात घालवलं. मी मटक्यापायी ते खाचर सावकाराकडे गहाण टाकलं होतं. दादाने वहिनीची पाटली मोडून ते सोडवलं, म्हणून ते त्याच्याकडे राहिलं. गाण्यात मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. व्यासांचंच घेतलं होतं, फक्त अर्धं.

चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. भाषांतर करणाऱ्यासमोर मूळ पोथी उघडी असते, श्लोक गाळला की पकडला जातो. आम्हा गाणी बांधणाऱ्यांना कोण पकडणार? पेणला मूर्ती आणायला जायचो तेव्हा कारखान्यात बघायचो. गणपतीला फेटा बांधतील, मोरावर बसवतील, पण तुटका दात कोणी भरून काढत नाही. त्याच दाताने त्याने महाभारत लिहिलं म्हणतात. त्याची अट होती, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, समजल्याशिवाय लिहायचं नाही. मी ते गाणं एका रात्रीत लिहिलं होतं. लेखणी कुठं थांबलीच नाही.

दादाची माफी मी मागितली नाही. गोठ्यात मागितली असती तरी काय? गावासमोर मारलेला शब्द गुरांसमोर परत घेता येतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो गेल्यावर मी गाण्यात द्यूताचं एक कडवं वाढवलं. गाणं अजून होतं, पण पोरं ते कडवं गात नाहीत. म्हणतात, "बुवा, तिथं पब्लिक थंड पडतं."