वस्त्र कोणावर घालावे?

नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडला, तेव्हा शेम व याफेथ हे वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले आणि आपल्या पित्याची लाज त्यांनी झाकिली. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील ही गोष्ट मंडळ्यांमध्ये पुष्कळ वेळा सांगण्यात येते. आणि बहुधा एखाद्या पाळकाविषयी किंवा पुढाऱ्याविषयी काही वाईट कानी आले म्हणजेच ती सांगण्यात येते. देवाच्या सेवकाचा दोष झाकावा, हामासारखा बोभाटा करू नये, असा तिचा बोध काढितात. हा बोध कोठवर खरा आहे, हे अलीकडच्या एका प्रकरणावरून तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

फ्रान्स देशात पॅरिसच्या उत्तरेस एक लहानसे खेडे आहे. तेथे १९६४ साली जाँ व्हानिए या रोमन कॅथलिक गृहस्थांनी बुद्धीने दुबळ्या अशा दोघा मनुष्यांस आश्रमातून काढून आपल्या घरी आणिले आणि त्यांच्याबरोबर एका मेजावर ते जेवू लागले. त्या घराचे नाव ‘लार्श’, म्हणजे नोहाचे तारू. त्या एका घरापासून तीसहून अधिक देशांत अशी घरे झाली. आपल्या देशात १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ स्थापन झाले ते याच चळवळीतून. २०१५ साली व्हानिए यांस टेम्पलटन पारितोषिक मिळाले. २०१९ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा अनेकांनी त्यांस संत म्हटले. आम्ही स्वतः त्या मेजाचा दृष्टांत उपदेशात दिला आहे, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावलेले पाहिले आहेत.

त्याच वर्षी त्या संस्थेनेच बाहेरच्या लोकांकडून चौकशी करविली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी आपल्याकडे आलेल्या सहा स्त्रियांशी व्हानिए यांनी त्यांच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन शरीरसंबंध ठेविले होते, आणि त्यास गूढ भक्तीचे नाव दिले होते. पुढे इतिहास, समाजशास्त्र, मनोविकारशास्त्र, ईश्वरज्ञान इत्यादी विषयांच्या विद्वानांनी जुनी दप्तरे उघडून अधिक शोध केला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा सुमारे ९०० पानांचा वृत्तांत निघाला. त्यात १९५२ पासून २०१९ पर्यंतच्या काळात अशा स्त्रिया निदान पंचवीस होत्या असे नमूद आहे.

हे प्रथम वाचिले तेव्हा आमच्या मनाने काय केले ते कबूल करितो. मेलेल्या मनुष्यास उत्तर देता येत नाही. आता कागद उकरून काय मिळणार? असे आम्ही म्हटले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जिवंत आरोपीस निदान ‘हे खोटे आहे’ एवढे तरी म्हणता येते. म्हणूनच मृताविरुद्धचा पुरावा अधिक काळजीने तोलावा, हे खरे. परंतु काळजीने तोलणे निराळे आणि तोलण्याचेच नाकारणे निराळे.

तर मग कागद कसा तोलावा? तो कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिला, हे प्रथम पाहावे. चरित्रकाराने स्तुतीसाठी लिहिलेल्या पानापेक्षा, कोणी पाहणार नाही या भरवशाने लिहिलेले खासगी पत्र अधिक वजनाचे होय. व्हानिए यांचे गुरू तोमा फिलिप हे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू होते. अशाच दुष्कृत्यांसाठी रोमच्या धर्मन्यायालयाने १९५६ साली त्यांस धर्मसेवेची बंदी केली होती. गुरूची कृत्ये २०१५ च्या सुमारास उघडकीस आली, तेव्हा आपणांस यातील काही ठाऊक नव्हते असे व्हानिए यांनी सांगितले. परंतु डोमिनिकन संघाचे दप्तर, रोमचे दप्तर व खासगी पत्रव्यवहार यांवरून दिसून आले की, १९५० नंतरच्या वर्षांपासूनच त्यांस सर्व ठाऊक होते, आणि बंदी असताही गुरुशिष्यांचा संबंध चालूच होता. म्हणजे येथे परका कोणी साक्ष देत नाही. मनुष्याचा पूर्वीचा कागदच त्याच्या नंतरच्या शब्दास खोटे ठरवितो.

दुसरे असे की, एकट्या कागदावर विसंबू नये. अनुवाद १९:१५ मध्ये दोघा-तिघा साक्षीदारांचा नियम आहे, आणि १ तीमथ्य ५:१९ मध्ये वडिलांविरुद्धच्या आरोपास तोच लाविला आहे. पुष्कळ जण या नियमाची ढाल करितात: ‘ती एकटी होती, साक्षीदार कोण?’ परंतु असले पाप चार लोकांदेखत घडत नसते. नियमाचा हेतू दार बंद करावे हा नव्हे, तर नीट विचारपूस करावी हा आहे. अनुवादातील तोच अध्याय पुढे न्यायाधीशांस तसे बजावितो. येथे निरनिराळ्या काळी त्यांच्याकडे आलेल्या स्त्रियांनी स्वतंत्रपणे सारखीच रीत व सारखीच चमत्कारिक धार्मिक समर्थने सांगितली. आणि कोणी न पाहिलेले जुने कागद त्यांस जुळले. दोघा-तिघा साक्षीदारांनी शब्द शाबीत होणे म्हणतात ते हेच.

तिसरे, पुराव्यापलीकडे एक पाऊलही टाकू नये. आश्रयास ठेविलेल्या दुबळ्या जनांपैकी कोणावर व्हानिए यांनी असा अत्याचार केल्याचा पुरावा शोधकांस आढळला नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. ज्या तराजूने आरोपीचे दोष मोजावयाचे, त्याच तराजूने त्याच्याविषयीचे हेही मोजिले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढे मोठे सत्कृत्य दुसऱ्या पारड्यात टाकिले तर? आमच्या मते तराजू त्या कामाचा नव्हे. पाप-पुण्याचा जमाखर्च मांडून बाकी काढणे ही सुवार्तेची रीत नाही. त्या घरांत दुबळ्यांस मिळालेले प्रेम खरे होते. ते हजारो हातांनी दिले, आणि आजही देत आहेत. परंतु त्याने एका स्त्रीचीही जखम भरून निघत नाही. दाविदाची स्तोत्रे आपण गातो. तथापि उरीयाच्या हाती यवाबास पाठविलेले दाविदाचे पत्र पवित्र शास्त्राने आपल्या दप्तरातून काढून टाकिले नाही. मत्तयाने प्रभूची वंशावळी लिहितानाही उरीयाच्या स्त्रीचा उल्लेख गाळिला नाही.

आता नोहाच्या वस्त्राकडे वळू. नोहाने आपल्या डेऱ्यात आपलीच शोभा केली. त्यात दुसऱ्या कोणाची अब्रू लुटिली गेली नव्हती. तेथे वस्त्र घालणे ही प्रीती होती. परंतु १९५६ साली रोमने निवाडा केला तो गुप्त ठेविला. हेही वस्त्रच होते. आणि त्याचे फळ पाहा. आठ वर्षांनी तारू बांधिले गेले तेव्हा तोच बंदी झालेला गुरू तेथे धर्मगुरू म्हणून वावरत होता, आणि आपल्या मुलांस व मुलींस तेथे पाठविणाऱ्या आईबापांस काहीच ठाऊक नव्हते. जे झाकिले ते मेले नाही; झाकणाखाली वाढले. आणि हा रोमी मंडळीचा दोष म्हणून आपण हात झटकू नये. ‘मंडळीची बदनामी होईल’ हे वाक्य आमच्या पंचांच्या बैठकींतही आम्ही ऐकिले आहे, आणि लाजेने सांगतो की, एके काळी उच्चारिलेही आहे.

म्हणून मंडळ्यांतील वडिलांस आमची विनंती आहे. तक्रार आली तर ती तारखेसह लिहून ठेवा, आणि तो कागद जपा. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे सोयरे व मित्र चौकशीस बसवू नका. आरोपीस उत्तर देण्याची संधी द्या, पण बोलणारीस गप्प बसविण्याची संधी कोणास देऊ नका.

त्या ९०० पानांच्या वृत्तांतात एक गोष्ट आम्हांस फार शिकविणारी वाटली. पुढाऱ्याचे नाव व कृत्ये त्यात उघड लिहिली आहेत. परंतु ज्या स्त्रियांनी साक्ष दिली त्यांची खरी नावे झाकिली आहेत. शेम व याफेथ यांचे वस्त्र येथे योग्य ठिकाणी पडले. उघडे पाडिले होते कोणास, हे आधी पाहावे. आणि मग वस्त्र तिच्यावर घालावे.