बांधलेला माणूस (भागवत १.७)



मुळशीत दोन दिवस पाऊस थांबेना. काल रात्री लाईट गेली, म्हणून मोबाईलच्या टॉर्चवर पहिल्या स्कंधाचा सातवा अध्याय वाचला. एका जागी अडकलो, ते अजून सुटलेलं नाही.

अश्वत्थाम्याने झोपलेल्या पाच मुलांना मारलं. अर्जुनाने त्याला पकडलं आणि दोरीने जनावरासारखं बांधून छावणीत आणलं. मुलांचे अंत्यविधीही व्हायचे आहेत. आणि द्रौपदीला काय सहन होत नाही? त्याचं ते बांधलेपण. ती म्हणते, सोडा याला. मी रडतेय तशी याची आई रडायला नको.

खरं सांगू? मला आधी राग आला. कारगिलच्या वेळी कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या जवानांचे मृतदेह ९ जून १९९९ ला परत मिळाले, ते छळाच्या खुणांसकट. ते आठवलं की आपल्या आतला भीम उठतो. भीमही म्हणतोच, मारा याला.

पण दुसरी बाजूही बघा. १९७१ च्या युद्धात आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर पाकिस्तानात कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कॅम्पमधून भिंत फोडून पळाले आणि अफगाण सीमेजवळ लंडी कोतलला पकडले गेले. कोण कुठले हे तिघे म्हणून तिथे जीवावर बेतलं होतं. परुळकरांनी एक फोन करू द्या म्हटलं. तो लागला उस्मान हमीद यांना, म्हणजे त्यांच्या कॅम्पच्या आधीच्या प्रमुखाला. त्यांनी सांगितलं, हे आमचे कैदी आहेत, नीट सांभाळा. त्या वर्षअखेर तिघे घरी आले. १९४९ चा जिनिव्हा करार म्हणतो तेच हे: कैद्याला माणुसकीने वागवा, आणि पळून जाताना सापडला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा. कागदावरचं हे कलम तेव्हा एका शत्रू अधिकाऱ्याच्या आवाजात होतं.

मग आपल्या बाजूचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये पूंछमध्ये हल्ल्यात चार जवान गेले. दुसऱ्याच दिवशी सेनेने चौकशीसाठी उचललेल्यांपैकी तीन गावकरी मेले. सेनेने स्वतःच अंतर्गत चौकशी लावली. तेव्हा आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'जवानांचं मनोबल खचेल.' मी काहीच बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. अबू ग्रैबचे फोटो लष्करी तपास अधिकाऱ्यांकडे देणारा अमेरिकन सैनिक जो डार्बी आठवतो ना? त्याच्या गावानेच त्याला गद्दार ठरवलं.

अर्जुनाने अश्वत्थाम्याला जंगलात मारून टाकून 'पळताना मेला' असं सांगितलं नाही. सगळ्यांसमोर आणलं. जे काही व्हायचं ते उघड्यावर, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या डोळ्यांदेखत. बंद खोलीत जे घडतं ते बघायला द्रौपदीच नसते, म्हणून नंतर का होईना, चौकशी लागते.

आणि हे सोडून देणंही नव्हतं बरं का. कृष्णाने अर्जुनाला पेचात टाकलं: मारायचंही आहे आणि मारायचंही नाही. अर्जुनाने त्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतला आणि त्याला छावणीबाहेर हाकललं. शिक्षा झाली. छळ झाला नाही.

मला न सुटलेलं ते पुढे आहे. उद्याचा अध्याय आठवा. ज्याला सोडलं त्याचंच अस्त्र उत्तरेच्या गर्भावर येतं. कृष्ण गर्भाला सुदर्शनाने नाही, स्वतःच्या मायेने झाकतो. द्रौपदीला 'बघ, तूच सोडायला लावलंस' असं कोणी म्हणत नाही. मी तिथे असतो तर म्हटलं असतं, हे मला काल रात्री टॉर्च विझवल्यावर कळलं.