आजाऱ्याची कूस कोण बदलणार?



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आपल्या धर्मग्रामातील आजारी माणसांना घरी जाऊन पवित्र कम्युनियन देतो. काही महिन्यांपूर्वी अशाच एका घरी जो प्रसंग घडला, तो घरच्यांच्या परवानगीने, नाव न सांगता येथे लिहीत आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले एक आजोबा. खोली स्वच्छ, चादर धुतलेली, उशाशी क्रूस. मी प्रार्थना म्हटली, कम्युनियन दिले, कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि निघालो. दारापर्यंत सोडायला आलेली त्यांची सून एकाएकी रडू लागली. म्हणाली, "फादर, बाबांच्या पाठीला माकडहाडापाशी मोठी जखम झालीय. आत हाड दिसतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कूस बदलली असती तर एवढं झालं नसतं. हे माझं पाप आहे का?"

मी तिला धीराचे दोन शब्द सांगितले. पण परतताना माझ्या लक्षात आले, की आठ महिने मी त्या घरी जात होतो आणि आजोबांची पाठ कशी आहे, हे एकदाही विचारले नव्हते. मी पुढून आशीर्वाद देत होतो आणि मागे जखम वाढत होती. त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला भाग पडले.

ज्याला आपण बेडसोर म्हणतो ती जखम होते कशी, हे आधी समजून घेऊ. आपण झोपेतही नकळत हलतो, कूस बदलतो. ज्याला हलता येत नाही त्याच्या शरीराचा भार तासन्‌तास त्याच जागी राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस दाबले जाते, तेथील बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि रक्त न मिळालेला भाग काही तासांत मरू लागतो. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडे, घोटे, कोपरे, खांद्यांची पाती आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा आहेत. लघवीचा ओलावा, अंथरुणावरून ओढताना बसणारे घर्षण, मधुमेह आणि अपुरे अन्न यांमुळे धोका वाढतो.

हे सारे अटळ आहे, असे पूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटत असे. एकोणिसाव्या शतकातील नामवंत फ्रेंच वैद्य शार्को यांचे मत असे, की मेंदू व मज्जारज्जूच्या इजेमुळेच ही जखम उद्भवते. ब्राऊन-सेकार यांनी 1850 च्या दशकातच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की दाब आणि ओलावा टाळला तर लुळ्या पडलेल्या अंगावरही जखम होत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही 1859 मध्ये लिहिले, की अशा जखमेचा दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. तरीही शार्को यांच्या मताचा पगडा दीर्घकाळ राहिला. जे होणारच आहे त्यासाठी कोण धडपडणार? चुकीची कल्पना हातांना कशी थांबवते, याचे हे उदाहरण आहे.

नाझी जर्मनीतून 1939 मध्ये इंग्लंडला आश्रयाला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी हे मानले नाही. 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला. त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी नियम घातला, की दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. ते होते की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात येत. रुग्ण जगू लागले. 1948 मध्ये तेथेच 16 जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिक खेळांचा उगम त्यात आहे. ज्यांना जगाने मेल्यात जमा केले होते त्यांना उभारी देणाऱ्या कामाची सुरुवात कूस बदलण्यासारख्या साध्या सेवेपासून झाली.

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडे वळू. मिस्साबलीच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाझरसला मारले नाही, दारातून हाकललेही नाही. फोडांनी भरलेला तो माणूस दाराशी पडून होता आणि श्रीमंताचे जेवण रोजच्यासारखे चालू होते. काहीच न करणे हाच त्याचा अपराध होता.

पण प्रत्येक न केलेली गोष्ट पाप ठरते का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला या घरात कळला. 'चोरी करू नकोस' ही निषेधाची आज्ञा क्षणोक्षणी पाळायची असते. 'आईवडिलांचा मान राख' अशी करण्याची आज्ञा मात्र योग्य वेळी, योग्य ठिकाणी पाळायची असते. शिवाय जे करणे माणसाच्या शक्तीबाहेर आहे, ते न केल्याचा दोष त्याला लागत नाही.

हिशेब करून पाहा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला 12 वेळा, आठवड्याला 84 वेळा. ती बहीण सकाळी स्वयंपाक करून मुलांना शाळेला पाठवते, नवऱ्याला लोकलसाठी डबा देते, आजोबांना पुसते, भरवते. रात्री 12 ला, 2 ला आणि 4 लाही तिनेच उठायचे? आणि वजनदार माणसाला एकटीने वळवायचे? हे एका माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून माझे उत्तर असे: नाही, हे तुझे पाप नाही. मात्र कर्तव्य एकाला पेलत नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. ते शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाकडे, दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलींकडे, शेजाऱ्यांकडे आणि आपल्या धर्मग्रामाकडे येते. मी आठ महिने विचारले नाही. विचारणे माझ्या शक्तीबाहेर नव्हते. मला त्याची कबुली द्यावी लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. पुष्कळ जखमा टाळता येतात, सगळ्याच नव्हे. 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. त्यांच्या सेवेला माणसे होती, साधने होती. तरी 2004 मध्ये मृत्यूच्या वेळी शय्याव्रणातून झालेल्या संसर्गावर त्यांचे उपचार चालू होते. मरणासन्न माणसाची कातडी उत्तम शुश्रूषेतही फाटू शकते. म्हणून कोणाच्या घरी जखम दिसली, की त्या घरच्या सुनेचा न्याय करायला बसू नका.

आजाऱ्याचाही विचार करा. त्या आजोबांनी मला नंतर थांबत थांबत सांगितले, की त्यांना रात्री दुखत असे, पण दिवसभर राबलेल्या सुनेला हाक मारायची त्यांना लाज वाटे. आपण ओझे झालो आहोत असे ज्याला वाटते, तो मागत नाही. म्हणून त्याने हाक मारण्याची वाट न पाहता आपण उठले पाहिजे.

काय करता येईल? अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. किती वेळाने ते डॉक्टर किंवा नर्सला विचारून ठरवावे. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून थोडे तिरके ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. ओढू नये, अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलावे. खुर्चीत बसणाऱ्यानेही मधूनमधून भार हलवावा. रोज अंघोळीच्या वेळी पाठ आणि टाचा उजेडात पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर तो पहिला इशारा समजावा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तेथे काळपट डाग, ऊब किंवा कडकपणा जाणवतो. अशा जागी चोळू नये. भोकाची रबरी रिंग वापरू नये. ओले कपडे लगेच बदलावेत. जेवणात डाळ, अंडी, मासे असावेत. एअर बेडने मदत होते, पण तो घेतला म्हणून कूस बदलणे थांबवू नये. कातडी फाटली तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावे.

त्या घरी आता पाळ्या लावल्या आहेत. रात्री 12 ची पाळी मुलाची, पहाटेची नातवाची. दुपारी शेजारची एक बाई येते, म्हणजे सुनेला दोन तास झोप मिळते. जखम हळूहळू भरत आहे. आपल्या प्रत्येक विभागात असे एखादे घर आहे. मिस्सा झाल्यावर मला किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना भेटून, आठवड्यातील कोणते दोन तास तुम्ही देऊ शकता, ते सांगा. विशेषतः पुरुषांनी पुढे यावे, कारण हे उचलण्याचे काम आहे.

स्वतःच्या पायाला आयुष्यभर जखम वागवत आजाऱ्यांची सेवा करणारे संत कॅमिलस आपल्यासाठी विनंती करोत. प्रभू येशू आपल्याला दाराशी पडलेला लाझरस पाहण्याची दृष्टी आणि रात्री उठण्याचे बळ देवो. आमेन.

आपला धर्मगुरू