लेकीला गादी नाही

जव्हारला आलेला पाहुणा शिरपामाळावर जातोच. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांना येथेच भेटले आणि त्यांनी महाराजांना शिरपेच अर्पण केला, असे सांगतात. पुढे आठच वर्षांत, १६७२ मध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. भेट, मानपान, चढाई, पाडाव. माळावर ऐकायला मिळते ते सारे पुरुषांचे. राजांच्या यादीतही जयबा मुकणे, नेमशाह, विक्रमशाह, पतंगशाह आणि सरतेशेवटी यशवंतराव. सहाशे वर्षांच्या या घराण्यात लेकी जन्मल्या असणारच. त्या कोणाच्या घरी दिल्या, कशा नांदल्या, हे या यादीतून कळत नाही.

याच घराण्याच्या मूळपुरुषाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जयबाने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या आणि भलामोठा मुलूख वेढून घेतला. भूमध्य समुद्राच्या काठी हीच युक्ती दिदो नावाच्या राजकन्येच्या नावावर आहे. टायरहून पळालेल्या या लेकीने असेच कातडे कापून कार्थेज वसवले, अशी तिकडची दंतकथा. म्हणजे दंतकथेत का होईना, लेक राज्य मिळवू शकते. त्यासाठी तिला माहेरातून पळावे लागते एवढेच. इतिहासात तेवढीही सोय फारशी नाही. राजघराण्यातल्या स्त्रीच्या हाती सत्ता आली ती बहुतेक वेळा सून म्हणून, विधवा म्हणून, अज्ञान राजाची आई म्हणून. लेक म्हणून क्वचितच. हा योगायोग नव्हता, गादीची व्यवस्थाच तशी होती, असे मला म्हणायचे आहे.

अठराव्या शतकातले सर्वांत झगमगीत राजघराणे घेऊ. फ्रान्सच्या पंधराव्या लुईला आठ मुली झाल्या. लग्न झाले ते एकीचे, थोरल्या लुईझ-एलिझाबेथचे. १७३९ साली, बाराव्या वर्षी, स्पेनच्या राजपुत्राशी. बाकीच्यांची लग्ने न होण्याचे कारण रूप किंवा गुण नव्हते. राजाच्या मुलीला राजा नाहीतर युवराजच हवा, तो कॅथलिक हवा, शिवाय त्या क्षणी त्याच्याशी दोस्ती फायद्याची हवी. एवढ्या चाळणीतून खाली काही पडत नव्हते. मग मुली व्हर्सायला राहिल्या, वाढल्या आणि तिथेच म्हाताऱ्या होऊ लागल्या.

त्यातही धाकट्या चौघींची गोष्ट वेगळी. मुलींचा दरबारी खर्च फार होतो म्हणून १७३८ साली त्यांना फोंतव्रोच्या मठात धाडले. विक्टुआर पाच वर्षांची, सोफी जवळजवळ चारची, तेरेझ-फेलिसिते दोनची आणि लुईझ तर वर्षाचीही झाली नव्हती. सोबत दायांचा, नोकरांचा ताफा होता, आई-बाप नव्हते. तेरेझ आठव्या वर्षी त्या मठातच गेली. आईने किंवा बापाने तिला पुन्हा पाहिले नाही. लुईझ परत आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. स्वतःच्या घरात ती नव्याने आली. ज्या वाड्यात एकेका मेजवानीवर वारेमाप पैसा उधळला जाई, तिथे काटकसरीची आठवण झाली ती लेकींच्या बाबतीत.

हीच लुईझ १७७० मध्ये आपण होऊन साँ-दनीच्या कार्मेल मठात जोगीण झाली. चरित्रकार याला भक्ती म्हणतात, आणि ती भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिच्यासमोर दुसरे कोणते दार उघडे होते, हा प्रश्न भक्तीने मिटत नाही. जिचे लग्न झाले त्या थोरल्या बहिणीच्या मुलीने, पार्माच्या इझाबेलाने, राजकन्यांच्या नशिबाविषयी फार कडवट लिहून ठेवले आहे. १७६० साली ती ऑस्ट्रियाच्या युवराजाला दिली गेली आणि १७६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, वारली.

फ्रान्समध्ये मुलीला गादी नाही हा तर मिरवायचा नियम होता. तरीही त्या आधीच्या दोन शतकांत फ्रान्सचा कारभार स्त्रियांनी पाहिला : कॅथरिन आणि मारी या मेदिची घराण्यातल्या दोघींनी, नंतर ऑस्ट्रियाच्या अ‍ॅनने. तिघीही परमुलखातून आलेल्या सुना. राज्यात जन्मलेल्या लेकीवर नसलेला भरवसा सुनेवर टाकता येई, कारण सून मुलाच्या नावाने राज्य करते. लेकीने केले तर ते जावयाच्या घराण्यात जाईल ही धास्ती. ऑस्ट्रियात १७४० साली मारिया थेरेसा बापाच्या जागी बसली, तर युरोपात आठ वर्षे लढाई चालली. अपवादाची किंमत अशी होती.

आता आपल्याकडे वळू. ताराबाई हंबीरराव मोहित्यांची लेक, पण राज्य राखले ते भोसल्यांची सून म्हणून. अहिल्याबाई चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक. होळकरांच्या घरात आली म्हणून माळवा पाहू शकली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना अडवले. सासऱ्याला ही सून हवी होती, दौलतीलाही हवी होती.

अहिल्याबाईंना दोन मुले. मालेराव १७६७ मध्ये गेला आणि गादीचा प्रश्न उभा राहिला. दिवाण गंगाधरपंत चंद्रचूडांनी एखादे मूल दत्तक घ्यावे असा घाट घातला, राघोबादादांची फौज हलली, शेवटी अहिल्याबाईंनी कारभार आणि तुकोजी होळकरांनी फौज सांभाळावी असे ठरले. या सगळ्या धामधुमीत अहिल्याबाईंचे पोटचे एक अपत्य जिवंत होते : मुक्ताबाई. परक्याचे पोर दत्तक घेण्याचा विचार झाला. मुक्ताबाईचे नाव वारस म्हणून पुढे आले नाही. जो मुलखातल्या लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे यांनी ते करून दाखवले, अशी गोष्ट सांगतात. आपण ती कौतुकाने ऐकतो, कारण त्यात जातपात, श्रीमंती बाजूला पडून पराक्रम जिंकतो. पण मुलगी त्यात बक्षीसच आहे.

पुढे मुक्ताबाईचा एकुलता मुलगा गेला, आणि १७९१ मध्ये महेश्वरला यशवंतरावही गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी तिच्या पायाशी पडून विनवले, लेक ऐकेना. तू आज ना उद्या जाशील, मग माझे कोण, अशा अर्थाचे तिचे उत्तर ब्रिटिश अधिकारी माल्कमने नोंदले आहे. नर्मदेच्या काठी दोघा ब्राह्मणांनी दंड धरून ठेवलेल्या अहिल्याबाई ती चिता पाहत उभ्या राहिल्या. नंतर तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. सुनेला दौलतीची गरज सांगून थांबवता आले होते. लेकीला सांगण्यासारखे आईच्या मायेखेरीज काहीच नव्हते, कारण दौलतीत तिची जागाच कधी ठेवली नव्हती.

त्याच १७९१ च्या फेब्रुवारीत पंधराव्या लुईच्या उरलेल्या दोन मुली, आदेलाईद आणि विक्टुआर, क्रांतीला भिऊन फ्रान्सबाहेर निघाल्या. वाटेत त्यांना अडवले, आणि दोन म्हाताऱ्या बायकांना रोमला जाऊ द्यावे की नाही, यावर राष्ट्रीय सभेत तास न् तास खल झाला. विक्टुआर १७९९ मध्ये ट्रिएस्टला आणि आदेलाईद १८०० मध्ये रोमला वारली. त्यांच्या भावाची नात मारी-तेरेझ, म्हणजे सोळाव्या लुईची एकटी जगलेली मुलगी, तांपलच्या तुरुंगातून सुटली ती १७९५ च्या डिसेंबरात, ऑस्ट्रियाकडच्या फ्रेंच कैद्यांच्या बदल्यात. १८१४ ला राजेशाही परतली, तेव्हा गादीवर तिचा काका बसला. महेश्वर आणि पॅरिस इतके दूर. एकटी उरलेली लेक दोन्हीकडे मोजणीबाहेर.

अनुबाईचे उदाहरण कोणी पुढे करील. बाळाजी विश्वनाथांची ही लेक इचलकरंजीचा कारभार वर्षानुवर्षे हाकत होती, पाठीशी पेशव्यांचे घरही होते. पण तो कारभार सासरचा, घोरपड्यांचा. माहेरच्या गादीवर तिचा हक्क कोणी मांडला नाही.

दुसरा आक्षेप ठरलेला : काळच तसा होता. तर मग शिरपामाळाच्या आसपासचे पाडे पाहा. तिथल्या वारली आदिवासींमध्ये पिढ्यान् पिढ्या लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. भिंतीवर लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात आणि त्यात पालघट देवी बसते. देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडच्यांनी द्यायचे, मुलीकडच्यांनी नाही. विधवेला दुसरा घरोबा करायला आडकाठी नाही. याने पोट भरले असे कोणी समजू नये. याच तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. वेठ, कर्ज, उपासमार या बायकांच्या वाट्याला पुरेपूर आली. पण लेक म्हणजे घराण्याच्या मोबदल्याची वस्तू, हा नियम सर्वकाळ सर्वत्र लागू नव्हता. जिथे गादी, इनाम, वतन राखायचे होते, तिथे तो घट्ट होता. त्याचा दोष काळावर ढकलता येत नाही.

गाद्या गेल्या, पण सातबाऱ्यावरून बहिणींचे हक्कसोड करून घेणारी घरे आजही आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि रक्षाबंधनाच्या ओवाळणीच्या बदल्यात तो सोडून देण्याची अपेक्षा तिच्याकडून केली जाते. तेव्हा फ्रान्सच्या राजकन्यांची कीव करण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातली वंशावळ काढून पाहावी. तिच्यात आत्यांची आणि बहिणींची नावे नसतील तर ती लिहावीत, आणि सातबाऱ्यावर असतील तर पुसून घेऊ नयेत.