जुन्या निशाणाला वर्गणी

आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांचे चिरंजीव अमेरिकेत असतात. तेथल्या एका संग्रहालयाने लढाईतल्या जुन्या निशाणांच्या जतनासाठी वर्गणी मागितली, ती या मुलाने दिली. आकडा कळताच वडील भडकले. "अहो, आपल्या गावच्या शाळेचे छप्पर गळते आहे, आणि हा परक्यांच्या चिंध्यांवर पैसे उधळतो!" असे म्हणत ते निवाडा मागायला आमच्याकडे आले. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, वाचकहो.

त्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध निशाणाचीच कथा पाहू. 1813 साली बाल्टिमोर शहरात मेरी पिकर्सगिल या बाईने ते शिवले. लांबी 42 फूट, रुंदी 30 फूट; मजुरी 405 डॉलर 90 सेंट. हाताखाली लेक, पुतण्याभाच्या आणि ग्रेस विशर नावाची कराराने बांधलेली तेरा वर्षांची काळी पोर. सप्टेंबर 1814 मध्ये इंग्रजांच्या आरमाराने मॅकहेन्री किल्ल्यावर सुमारे पंचवीस तास तोफा डागल्या, तरी किल्ला पडला नाही, आणि सकाळी हे निशाण फडकले. पुढे ते किल्लेदाराच्या घराण्याकडे राहिले. प्रेमाने लोक तुकडा मागत, घरचे प्रेमाने कापून देत. असे करता करता आठ फूट निशाण गेले! एक ताराही गेला. शत्रूच्या तोफांपेक्षा आप्तांच्या कात्रीने जास्त नेले, असेच म्हणावे लागेल.

1914 साली फाटत चाललेल्या कापडाला आधार म्हणून लिननचे अस्तर लावले. तेही चांगल्या हेतूनेच. पण 1998 नंतर जाणकारांना ते अस्तर सोडवावे लागले, आणि सुमारे सतरा लाख टाके एकेक करून काढावे लागले. लोकर उजेडाने विटते, टांगली तर स्वतःच्याच भाराने ताणते. म्हणून 2008 पासून ते निशाण मंद उजेडात, जवळजवळ आडवे ठेवले आहे. एवढ्या कामाला पैसा लागणारच. 1998 साली कपड्यांच्या एका बड्या व्यापारी कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले, त्यातले बरेच याच कामासाठी. देणाऱ्याचे नाव गाजले. गाजू द्या, आमची तक्रार नाही. पण ज्या ग्रेसचे टाके त्यात असतील, तिचे नाव किती जणांना ठाऊक होते?

इंग्लंडात दुसरी रीत आहे. पलटणीची जुनी निशाणे देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, टांगून ठेवतात आणि तिथेच त्यांची माती होऊ देतात. जुन्या रीतीप्रमाणे दुरुस्ती नाही, वर्गणी नाही. ही रीत आम्हांला प्रथम फार भावली. आपल्या खांद्यावरची पताका झिजली की आपण नवी शिवतो, शोक करीत बसत नाही. मग सैनिकांच्या फडक्याचे एवढे कौतुक कशाला?

विचार केल्यावर फरक ध्यानात आला. पताका नवी झाली तरी ती तीच असते, तिचे मोल कापडात नाही. लढाईतल्या निशाणाची भोकेच त्याची अक्षरे आहेत. ती नव्या कापडावर कशी उमटवणार? कोण मेले, कोणासाठी मेले, हे पुढच्यांनी पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी पैसा गोळा केला तर त्यात पाप नाही. मात्र विजयाची मिशी पिळण्यासाठी वर्गणी मागत असतील, तर पैसा जपून ठेवलेलाच बरा.

पण छपराचे काय? हा प्रश्न टाळता येत नाही. निशाण शंभर वर्षे थांबेल, पावसाळा थांबत नाही. तरी आम्ही त्या सद्गृहस्थांना एवढेच विचारले, "लेकाच्या लग्नात दोन हजार पान उठले, तेव्हा शाळेचे छप्पर आठवले होते का हो? आणि शाळेसाठी त्याच्याकडे कोणी मागितले होते का?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही, मागितले नव्हते."

संग्रहालयाने मागितले होते. परवा त्यांनी मुलाला सविस्तर कळवले आहे, शाळेच्या छपराच्या छायाचित्रासकट. उत्तर अजून यायचे आहे.