मोतीची दाढ

आमच्या घरात कुत्रे येणार नाही, असे आईने एकदा नव्हे, निदान वीस वेळा बजावले होते. तरीही ते आलेच. चार वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी संध्याकाळी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी शर्टाच्या आत दडवून दीड-दोन महिन्यांचे एक पिलू घरात आणले. आईने ते पाहिले, कपाळाला हात लावला, आणि "अगंबाई, कुडकुडतंय की हे!" असे म्हणून पाचव्या मिनिटाला गॅसवर दूध ठेवले. रात्री त्याचे नावही तिनेच ठेवले. मोती!

चौथ्या महिन्यात मोतीने आमचे घर खायला सुरुवात केली. आधी चपला गेल्या. मग वर्तमानपत्रे गेली. चिरंजीवांचे गणिताचे पुस्तक गेले. त्याबद्दल मात्र मोतीला शाबासकी मिळाली असावी. शेवटी देवघरातल्या चौरंगाचा एक पाय कुरतडला गेला, तेव्हा घरात सभा भरली. पशुवैद्यांनी मला समजावून सांगितले, की कुत्र्याला 28 दुधाचे दात असतात. ते पडून सहा-सात महिन्यांचा होईतो त्याला 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि मिळेल ते चावावेसे वाटते. पुढेही ही आवड सुटत नाही. चावण्याने त्याचे मन रमते, शांत होते. आपण नाही का, कोणी सुपारी चघळतो, कोणी जुनी भांडणे चघळतो!

तेव्हा मोतीला चावायला काहीतरी द्यायचे, एवढे ठरले. पण काय द्यायचे? आमचे घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. गाजर दिले, ते दोन मिनिटांत संपले. सुंभाचा दोर दिला, तर त्याचे धागे तो गिळू लागला. शेजारचे आजोबा म्हणाले, "आमच्या गावाकडची कुत्री भाकरीवर जगली, काही अडलं नाही त्यांचं." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कुत्रा माणसाबरोबर राहून पिष्टमय अन्न पचवायला शिकला. तसे पचवणारी जनुके लांडग्यापेक्षा त्याच्यात अधिक असतात, हे 2013 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे पोट माणसाळले. पण जबडा? तो भाकरीने समाधान पावत नाही. भाकरी पोटात जाते, आणि जबडा पुन्हा चौरंगाकडे वळतो.

कुत्र्यांच्या खाण्याचे एक स्वतंत्र दुकान आता आमच्या पेठेतही निघाले आहे. मी तिथे गेलो. भिंतभर पाकिटे टांगलेली होती, आणि बहुतेक सगळ्यांवर दोन शब्द ठळक छापलेले होते: 'नैसर्गिक' आणि 'दीर्घकाळ टिकणारे'. ते वाचून मला मोठा धीर आला. मोतीला वाचता येत नाही, तेव्हा हे शब्द त्याच्यासाठी नसून माझ्यासाठी छापलेले आहेत, ही साधी गोष्ट मात्र त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नाही.

त्या भिंतीपुढे मी किती वेळ गोंधळून उभा राहिलो असतो कोण जाणे. पण त्याच आठवड्यात आमची कन्या न्यू जर्सीहून आली, आणि तिने बॅगेतून एक दगडासारखी टणक, पिवळसर वडी काढली. "बाबा, छुर्पी! हिमालयातली." याकचे किंवा चौरी गाईचे दूध नासवायचे, चोथा पिळून दाबायचा, आणि तो लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा; झाली छुर्पी. नेपाळ-सिक्कीमकडची माणसे तिचा तुकडा गालात धरून तास तास चघळतात. तीच आता कुत्र्यांसाठी मोठ्या वड्यांच्या रूपात नेपाळातून अमेरिकेला जाते. हिमालयातून न्यू जर्सीला आणि न्यू जर्सीहून पुण्याला, असा प्रवास करून ती आमच्या दारी आली होती.

"म्हणजे दुधाचीच ना?" आईने विचारले.

"दुधाचीच, आजी. शंभर टक्के शाकाहारी."

सगळ्यांची मने एकदम निर्मळ झाली. धर्मही राहिला आणि चौरंगही वाचला. आम्ही दोघे सकाळी कामावर जाताना मोतीपुढे वडी टाकत असू, आणि संध्याकाळी येऊन पाहावे तर ती जेमतेम बोटभर झिजलेली असे. इतकी टिकाऊ वस्तू! मी ती चार लोकांपाशी वाखाणलीसुद्धा.

दीडएक महिन्याने फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. मोती एकाच बाजूने जेवू लागला होता. मग त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. पशुवैद्यांनी तोंड उघडून दाखवले. वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेची बाहेरची अख्खी कपची उडाली होती आणि आतली नस उघडी पडली होती. भूल देऊन ती दाढ काढावी लागली. "पहाडातला माणूस छुर्पी गालात धरतो," डॉक्टर म्हणाले. "कुत्रा तीच दाढेखाली धरून सगळं बळ लावतो. नखानं दाबलं की ज्याच्यावर खूण उमटत नाही, ते कुत्र्याच्या दाताखाली देऊ नये. एवढं लक्षात ठेवा." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक लागली. तोंडाचे दुखणे कुत्रा सहसा दाखवत नाही. ती दाढ कित्येक दिवस दुखत असली पाहिजे. आणि त्या सगळ्या दिवसांत मोती शेपटी हलवीत तीच वडी माझ्या पायाशी आणून ठेवत होता!

लहानपणी कीर्तनात ऐकलेला एक दृष्टान्त मला त्या रात्री आठवला. कुत्रे कोरडे हाड चावते, त्याच्याच हिरड्यांतून रक्त येते, आणि हाडच किती गोड आहे असे समजून ते अधिक जोराने चावते. बुवा हा दृष्टान्त विषयसुखाच्या भ्रमाबद्दल देत. पण आमच्या घरात रक्त तेवढे मोतीचे होते. भ्रम माझा होता. वस्तू शुद्ध आहे, एवढ्यावरच मी थांबलो होतो. ती कोणासाठी शुद्ध आहे, हे मी विचारलेच नव्हते.

मग मी 'नैसर्गिक' या शब्दाची जरा चौकशी केली. कातड्याची गुंडाळलेली हाडे असतात, ती कातडे कमावण्याच्या धंद्यातून येतात. चुन्याने केस काढतात, रसायनाने पांढरी करतात, आणि गिळलेला तुकडा आतड्यात फुगून अडकू शकतो. शिजवलेल्या हाडांच्या सळया होतात, त्या घशात आणि आतड्यात रुततात. परदेशात सांबरशिंगे देतात. हरिण दरवर्षी आपली शिंगे आपोआप टाकते, तेव्हा यात हिंसा कुठली, असे वाटते. पण एक तर ती दगडाहून कठीण, आणि दुसरे, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार हाच गुन्हा. कारण एकदा बाजार उघडला, की गळून पडलेले शिंग आणि मारून आणलेले शिंग यांत फरक कोण करणार?

अखेर नखाच्या कसोटीला उतरणारी आणि पचणारी अशी एक कांडी दुकानात मिळाली. ती रेड्याचे वाळवलेले जननेंद्रिय असते. दिवाळी अंकाच्या पानावर हा शब्द लिहिताना लेखणी अडखळते. पण पुढची सारी हकीकत लपवाछपवीचीच असल्यामुळे तो येथे लिहून टाकलेला बरा. पाकिटावर काही तो मराठीत नव्हता, आणि इंग्रजीतही सभ्यपणे झाकलेला होता. दिसायला ती कांडी एखाद्या वाळक्या मुळीसारखी.

मोतीला ती अतोनात आवडली. तो दमून झोपला, की उरलेली कांडी आई उचलून तुळशीच्या कुंडीशेजारच्या कट्ट्यावर ठेवी. एकदा एकादशीला ती कांडी न्याहाळत तिने मला विचारले, "हे काय असतं रे? कसली मुळी आहे का?"

"हो," मी म्हणालो, "तसलंच काहीतरी."

बारा दिवस मी हे खोटे सांभाळले. या बारा दिवसांत मी मनाशी किती युक्तिवाद केले! आई काही ते खात नाही. हात धुऊनच पूजेला बसते. न कळत घडलेल्याचे पाप लागत नाही. तो रेडा काही मोतीसाठी मारलेला नाही. मांसासाठी मारला, आणि टाकाऊ होते ते कामी आले. आणि दुधाच्या वडीमागे तरी खुंट्याला बांधलेले वासरू नसेलच, असे कोण सांगेल? यांतला एकही युक्तिवाद निखालस खोटा नव्हता. पण आई सकाळी तुळशीला पाणी घालताना दिसली, की ते सगळे एकदम गळून पडत. पाकिटाने गोड शब्दांच्या आड मला जसे ठेवले होते, तसेच मी आईला ठेवले होते. फरक इतकाच, की पाकीट माझे कोणी लागत नव्हते.

तेराव्या दिवशी रात्री मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. उठली, बंब नव्हता तरी थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली, आणि झोपायला गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मोतीशी बोलत होती. त्याला जवळ घेत होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती आपण होऊन म्हणाली,

"त्याची दाढ काढली, तेव्हा तू रात्रभर जागा होतास. त्याला काय सोसतं, काय नाही, हे चार ठिकाणी विचारत हिंडलास. मला काय सोसतं ते मात्र तू परस्पर ठरवलंस. तो मुका आहे. मीही मुकी आहे का रे?"

मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मुक्याच्या वतीने आपल्याला ठरवावेच लागते. तिथे इलाज नसतो. म्हणून तर तिथे नीट माहिती करून घेणे, आपल्या मनाच्या समाधानापेक्षा त्याच्या दाताकडे पाहणे, हे कर्तव्य होते. पण ज्याला बोलता येते, त्याच्या वतीने गुपचूप ठरवणे ही त्याच्या वाट्याची चोरी आहे, मग ती कितीही मायेने केलेली असो. मी कुत्र्याशी दयेने वागलो, आणि आईशी कुत्र्यासारखा वागलो, असे नव्हे. आईला मी कुत्र्याच्या जागी बसवले, असे म्हटले पाहिजे. आणि आपल्या घरांतून म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना, आजाऱ्यांना "त्यांना कशाला सांगायचं, उगाच त्रास" असे म्हणून आपण किती वेळा त्या जागी बसवतो!

मला वाटले, आता ती कांडी बंद होणार. झाली नाही. आईने निवाडा दिला: "त्याचं खाणं त्याला मिळू दे, तो काही माळ घालून जन्माला आलेला नाही. पण मागच्या गॅलरीत, गोणपाटावर. उचलायचं, पुसायचं ते तू. आणि तुमचे डॉक्टर म्हणाले ना, शेवटचा तुकडा गिळला तर घशात अडकतो म्हणून? मग खाऊन होईतो तू तिथं बसायचं."

अशा रीतीने रोज संध्याकाळी मी गॅलरीत बसू लागलो, आणि पाकिटावरचा दुसरा शब्द मला उलगडला. 'दीर्घकाळ टिकणारे'! टिकावे असे कोणाला वाटत होते? मोतीला नक्कीच नाही. त्याला तर ती वस्तू तेव्हाच संपवायची असते. टिकण्याची गरज माझी होती. वडी जितका वेळ टिकेल तितका वेळ मला घराबाहेर निर्वेध राहता येत होते. मी त्याला चावायला दिले नव्हते. माझ्या गैरहजेरीची भरपाई दिली होती. रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल देणारी आई आणि मी, दोघे एकाच पंगतीचे. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तर तुपाची वाटी घेऊन ते त्याच्या मागे धावले. इतके दिवस मला त्या गोष्टीत तूपच दिसत होते. आता धावणे दिसते. वाटी दारात ठेवून नामदेव आपल्या कामाला निघून गेले असते, तर ती गोष्ट आज कोणी सांगितली असती?

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा कडकडाट सुरू झाला, तसा मोती थरथरत पलंगाखाली जाऊन बसला. मी आईकडे पाहिले. "आजच्या दिवस आत चालेल," ती म्हणाली, आणि गोणपाट तिनेच पुढे सरकवले. मी जमिनीवर बसून कांडी धरली. पहिल्यांदा त्याने नुसतीच हुंगली. मग हळूहळू चावू लागला, आणि कानांचे थरथरणे कमी झाले. आईने लांबूनच माझ्यापुढे चकल्यांची ताटली ठेवली. बेसनाच्या लाडवांचा डबा तिने उंच फळीवर ठेवून दिला. मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे आता तिला माझ्याहून पक्के ठाऊक आहे.

बाहेर माळ लागली होती. पलंगाखाली तो चावत होता, पलंगाशेजारी मी. अर्ध्या तासाने आईने स्वयंपाकघरातून विचारले,

"संपलं का त्याचं?"

"नाही अजून."

"मग बस."